गिटारभाऊंचा सत्कार

मधेच टाळी वाजली की गिटारभाऊ थांबायचे. तारांवर तळहात ठेवून म्हणायचे, "थांब ना गड्या. माह्यं सांगणं अजून झालं नाई." त्यांच्या बैठकीत ऐकणारा बहुतेक मी एकटाच असे, त्यामुळे ही बोलणी मीच खाल्लेली आहेत.

हिंगणघाटच्या ऑर्केस्ट्रात त्यांनी तीसेक वर्षं गिटार वाजवली. लग्नं, गणपती, कापसाच्या जिनिंगवाल्यांचे कार्यक्रम. जागा कायम गायकाच्या मागे. गावाला ते तेवढेच माहीत. घरी मात्र ते ब्लूज वाजवायचे. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं हे संगीत त्यांनी नागपूरहून आणलेल्या कॅसेटी घासून उचललं होतं. यात एवढं काय आहे, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "दुःख एकदा सांगाचं. कोणी ऐकत नाई, म्हणून पुन्हा तेच सांगाचं. तिसऱ्यांदा ते काऊन झालं, कशापायी झालं, ते सांगाचं. बस." आणि बोटाने तार अशी वर ढकलली, की सूर रडण्याच्या बेतात येऊन थांबला. हे एकदा भरल्या हॉलमध्ये, मोठ्या स्पीकरवर ऐकावं, ही माझी जुनी इच्छा. त्यांची माझ्याहून जुनी.

साठी उलटली आणि त्यांची बोटं आखडू लागली. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसायचे. "एकदा लोकांपुढं वाजवून घेतो, मंग आखडली तं आखडली."

अखेर गावातल्या एका मंडळाने कार्यक्रम ठरवला. पत्रिकेवर छापलं, 'सत्कार व गिटारवादन'. दुपारी दोनची वेळ; पाचला हॉल साखरपुड्याला द्यायचा होता. मी हिशेबी माणूस, घड्याळ बघतच बसलो. प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले. मग पाहुण्यांचा सत्कार, आणि तो करणाऱ्यांचाही सत्कार. भाषणं सात. एकाने तर गिटारला सतार म्हटलं. मे महिन्यात भाऊ अंगावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन घामाघूम बसलेले, गिटार स्पीकरला जोडून स्टेजखाली कोपऱ्यात.

मी सचिवाला गाठलं. "आता त्यांना वाजवू द्या."

"दादा, सत्कारमूर्ती हायेत ते! त्यायलेच वाजवाले लावाचं? बरं दिसते का?"

तो हे मनापासून बोलत होता. माझं डोकं त्यानेच जास्त फिरलं.

पावणेपाचला भाऊ स्वतःच उठले. शाल खुर्चीवर टाकली, खाली येऊन गिटार उचलली. पहिल्याच सुराला माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत इतकं भरून वाजवलेलं मी ऐकलं नव्हतं. पण चार-पाच मिनिटांतच माईकवर आभारप्रदर्शन सुरू झालं आणि कोणीतरी गिटारचा स्पीकर बंद केला. भाऊ वाजवतच होते. बोटं हलताना दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. मागे साखरपुड्याची माणसं खुर्च्यांना कव्हर चढवत होती.

परतताना मी म्हटलं, "भाऊ, पुन्हा ठेवू. नुसतं वादन."

"आता कोण वाजवू देते मले? लय मोठा माणूस करून टाकलं ना त्यायनं."

त्यानंतर त्यांनी माझ्यापुढेही गिटार हातात घेतली नाही.

यंदाच्या थंडीत भाऊ गेले. चौथ्या दिवशी त्याच सचिवाचा फोन. "दादा, त्याच हॉलमधी शोकसभा ठेवली. तुमी दोन शब्द बोला. आठ जण बोलून राह्यले, तुमी नववे."

"आणि वाजवणार कोण?"

तो मला समजावत म्हणाला, "दादा, शोकसभेत कोणी वाजवते का?"

मी फोन ठेवला. सभेला गेलो नाही.