मिसेस पाइकचं अंडं

ग्लेनिस ट्रँटरने उभं आयुष्य शाळेची बस चालवली. अरुंद रस्त्यावर बाजूला व्हायचं ते समोरच्याने, ही तिची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. टास्मानियाच्या त्या दरीत तिच्याशी वाद घालायला लोक कचरत, कारण ती बहुतेक वेळा बरोबर असायची आणि ते कुणाला विसरूही द्यायची नाही.

तिच्या कोंबड्या सगळ्या विकतच्या, एक सोडून. काळीभोर मिसेस पाइक ही तिच्या आईने वर्षानुवर्षं जपलेल्या वंशातली शेवटची. शाळेतल्या एका खाष्ट मुख्याध्यापिकेचं नाव तिला दिलेलं, आणि चालही हुबेहूब तशीच. अंडी घालायची ती चॉकलेटच्या रंगाची. आईचं म्हणावं असं जिवंत काही ग्लेनिसपाशी उरलं असेल तर एवढंच.

जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, डोंगरामागून वणवा आला. दरीतली रीत अशी की गाडीत बसण्याआधी खुराड्याचं दार उघडून द्यायचं, म्हणजे मुक्या जिवांना निदान पळता येतं. ग्लेनिसनेही ते उघडलं. पुढे वारा फिरला, घर वाचलं आणि कोंबड्या एकेक करून परतल्या. मिसेस पाइक तेवढी आली नाही.

ती सापडली ओढ्यापलीकडे, मर्व स्कलीच्या अंगणात, तोऱ्यात फिरताना.

“ती माझी आहे, मर्व.”

“तुझी कशी? माझ्याही काळ्याच होत्या. त्यातली ही एक वाचली.” मर्वने खिशातून अंडं काढलं. दूध जास्त झालेल्या चहासारखा त्याचा रंग. “तुझी चॉकलेटी घालते, साऱ्या गावाला ठाऊक आहे. कोंबडी कधी अंड्याचा रंग बदलते होय?”

“निळं घालणारी पांढरं घालणार नाही, तेवढं कबूल. पण तपकिरी फिका पडतो. तो रंग अंड्यावर अगदी शेवटी चढतो. उन्हाळाभर घालून घालून तो आटतो, त्यात आगीची धास्ती. हिला पिसं झाडू दे, थंडीत आराम करू दे, मग पहिलं अंडं बघ.”

“आणि तेही फिकंच निघालं तर?”

“तर ठेव तुला. पण निघायचं नाही.”

तोवर कोंबडी मर्वकडेच राहील असं ठरलं. ग्लेनिस शब्दाला पक्की. पिसं झडली, हिवाळा सरत आला, तिच्या इतर कोंबड्या घालायलाही लागल्या, पण तिने मर्वच्या फाटकात पाऊल टाकलं नाही. तो दुकानात भेटला की मान हलवायचा. “अजून नाही गं. म्हातारी झाली बहुतेक.”

ऑगस्ट संपता संपता ती पिशवीभर लिंबं घेऊन त्याच्याकडे गेली. लिंबं हे निमित्त, हे तिलाही माहीत होतं. मिसेस पाइक कुंपणापाशी उकरत होती. नवी पिसं चमकत होती आणि तुरा लालभडक झाला होता. इतका लाल तुरा मिरवणारी कोंबडी रिकामी बसत नाही.

तेवढ्यात तिचं लक्ष कोबीच्या रोपांकडे गेलं. गोगलगायी येऊ नयेत म्हणून तिकडे घरोघरी अंड्यांची टरफलं चुरून रोपांभोवती पसरतात. मर्वच्या वाफ्यात जुना फिका चुरा होता आणि त्यावर ताजा, गडद चॉकलेटी. ग्लेनिस चटकन गुडघे टेकून खाली बसली आणि तिने एक तुकडा उचलला.

मर्व पाण्याची झारी घेऊन दारातून बाहेर आला, तो तिथेच थबकला.

“कधीपासून घालतेय?” तिने विचारलं.

“झाले बरेच दिवस.”

“खोटं बोलायचं ते बोलायचं, वर पुरावा कोबीला घालायचा. मर्व, तुला चोरीसुद्धा धड जमत नाही.”

तो ओशाळला. “बायको गेल्यापासून घरात आवाज म्हणून नव्हता. ही सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन भांडते माझ्याशी. पहिलं गडद अंडं हातात घेतलं आणि कळलं, आता ही जाणार. मग सांगवेना.”

ग्लेनिसला फार वाईट वाटलं. पण कोंबडी आईची होती, शब्द शब्द होता. तिने मिसेस पाइकला काखेत घेतलं आणि ती निघाली. फाटकाशी पोहोचून तिने मागे पाहिलं. मर्व कोबीत तसाच उभा होता, आणि झारीतलं पाणी त्याच्या बुटावर गळत होतं.

“उभा काय राहिलास? तिचं खोकं आण. सवयीच्या खोक्याशिवाय ती अंडं द्यायची नाही. आणि रोज सकाळी येऊन ते काढायचंही तूच. माझे गुडघे कामातून गेलेत, मला वाकवत नाही.”

मर्वने तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. त्यांना कोबीच्या वाफ्यातली माती अजून ओलीच लागलेली होती. तो झारी खाली ठेवून खोकं आणायला गेला.