आशीर्वाद मागू की मार्ग?

एस्तेरमावशींकडे कुणी "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणत आलं, की त्या लगेच डोळे मिटत नसत. आधी शिलाई मशीनवरचा पाय थांबवत, चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "आशीर्वाद मागायचाय का मार्ग?"

आलेला माणूस गोंधळून जायचा. मग मावशी समजावून सांगायच्या, "तुमचं ठरलं असंल तर आशीर्वाद मागू. ठरलं नसंल तर मार्ग मागू. पण देवाला खरं काय ते सांगायचं. ठरवून यायचं आणि वर मार्ग मागायचा, ह्याला प्रार्थना म्हणत न्हाईत. ह्याला साहेबाची सही घ्यायला येणं म्हणत्यात."

एकदा आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, शांतवनकाका संध्याकाळी आले. खुर्चीत बसून गंभीरपणे म्हणाले, "मावशी, पोरीला एक स्थळ आलंय. प्रभूची इच्छा हाय का न्हाय, जरा विचारून बघू म्हटलं."

मावशींची नजर त्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडे गेली. "पिशवीत काय हाय, शांतवनराव?"

"काय न्हाय... पत्रिका हायत."

"छापल्या?"

"कालच आल्या."

"मग प्रभूला एक पत्रिका द्या की! लग्नाला बोलवा त्याला. आता इच्छा कशाला विचारताय बिचाऱ्याची?"

काका आधी ओशाळले आणि मग स्वतःच मोठ्यानं हसले. त्यानंतर मावशींनी त्या मुलीच्या संसारासाठी इतक्या मनापासून आशीर्वाद मागितला, की काकांनी डोळे पुसले. नवरीचे ब्लाऊजही मावशींनीच शिवले.

मी बारामतीकडच्या कळंबची. वडील एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. बारामतीला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा राहायचं कुठं हा प्रश्न होता. एस्तेरमावशी आईच्या नात्यातल्या, लांबच्या बहीण. यजमान पूर्वीच वारलेले, मुलगा नाशिकला नोकरीला. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चाले, आणि मागची खोली त्यांनी मला दिली.

मला तेव्हा बोलायची सवय नव्हती. वर्गात हजेरी घेताना माझा आवाज मॅडमपर्यंत पोहोचायचा नाही आणि मी हजर असून गैरहजर लागायचे. पहिल्याच दिवशी मावशींनी विचारलं, "वांगं करू का दोडका?"

मी म्हटलं, "काहीही चालेल."

"काहीही नावाची भाजी ह्या घरात शिजत न्हाय," त्या म्हणाल्या. "वांगं का दोडका?"

मी घाबरून दोडका म्हटलं. खरं तर मला वांगं आवडतं. हे मावशींना आठवड्यानं कळलं तेव्हा त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "भाजीत खरं बोलत न्हाईस, तर देवासमोर काय बोलत असशील गं?"

रोज सकाळी मशीनला हात लावण्याआधी त्या पवित्र शास्त्र वाचत. एक अध्याय, काल जिथं थांबलो तिथून पुढं. कंटाळवाणी वंशावळ आली तरी ती वाचायची. आमच्याकडे पुष्कळ लोक वेगळंच करतात. अडचण आली, की डोळे मिटून शास्त्र उघडायचं, बोट ठेवायचं आणि बोटाखाली येईल ते वचन आपल्यासाठी दिलेलं मानायचं. मीही लहानपणापासून तेच करत आले होते. दहावीच्या निकालाआधी माझं बोट मोजमापाच्या कुठल्या तरी यादीवर पडलं होतं आणि मी दिवसभर त्याचा अर्थ लावत बसले होते.

मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. नवरा गेला तेव्हा मुलगा कडेवर होता. नगरला भाऊ होता, तो बोलवत होता. जावं की इथंच राहावं हे कळेना, म्हणून त्यांनी डोळे मिटून बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, ऊठ आणि त्या मोठ्या शहराला जा. मावशींनी त्याच दिवशी ट्रंक भरली. पण भावाच्या घरी भावजयीशी पटेना, पोराला हवा मानवेना. पावसाळा संपायच्या आत त्या परत आल्या.

"मग वचन खोटं ठरलं?" मी भीत भीत विचारलं.

"वचन कसं खोटं ठरंल? खरंच हाय ते. पण ते एका संदेष्ट्याला सांगितलेलं व्हतं. मी मधीच दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडलं." मग सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "तरी फुकट न्हाय गेलं. भावाच्या शेजारी एक शिंपीणबाई व्हती, तिच्याकडं शिवण शिकले. मी चुकले, पण त्यानं काय मला टाकलं न्हाय."

माझ्यावर वेळ आली ती बी.एस्सी. झाल्यावर. पुण्याला एम.एस्सी.साठी माझा नंबर लागला, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. त्याच आठवड्यात बारामतीजवळच्या एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत मला नोकरीही देऊ केली. दोन्हीकडे सोमवारपर्यंत कळवायचं होतं. नोकरी धरली असती तर मावशींकडेच राहता आलं असतं, शनिवारी कळंबला जाता आलं असतं. पुण्यात माझं कुणीच नव्हतं. पण मला खरी भीती वेगळीच होती. देवानं माझ्यासाठी एकच वाट आखलेली असेल आणि मी दुसरी धरली तर? मग पुढचं सगळं आयुष्यच चुकीच्या वाटेवर जाईल, असं मला वाटायचं. मी उपास केला, गुडघ्यांवर बसले. उत्तर काही येईना.

मी मावशींना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला विचारू नको," त्या म्हणाल्या आणि मशीन सुरू केलं.

मला फार लागलं. माझ्या ओढणीच्या रंगापासून मैत्रिणींपर्यंत प्रत्येक गोष्टीवर मत देणारी बाई नेमकी आताच गप्प! दुसऱ्यांदा विचारलं, तरी तेच. "मार्ग माग. मी तुझ्याबरोबर मागते. पण मला विचारू नको."

शनिवारी मी कळंबला घरी गेले. तिथं रात्री अंथरुणात एक खूण ठरवली. रविवारी सकाळच्या एसटीनं बारामतीला निघायचं. उपासनेचं पहिलं गीत सुरू व्हायच्या आत मंडळीत पोहोचले तर पुणे, आणि उशीर झाला तर डेअरी. प्रभू, आता तूच बघ.

एसटी वेळेवर आली. मी मनातून आनंदले, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण काटेवाडीच्या अलीकडे रस्त्यावर मेंढ्या आल्या. धनगरांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाडासकट फिरणारे तांडे, परतीला लागले होते. पुढं मेंढ्या, मागं घोड्यावर संसार, त्यामागं पुन्हा मेंढ्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, कंडक्टर खाली उतरून ओरडला, मेंढ्या आपल्या चालीनं चालत राहिल्या. मी मंडळीत पोहोचले तेव्हा गीत संपून लोक खाली बसत होते. मी शेवटच्या चटईवर बसून उपासनाभर रडले.

बाहेर आल्यावर मावशींनी धरलं. "काय झालं?"

"देव नाही म्हणाला."

"कधी?"

मी सगळं सांगितलं. मावशींच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. "प्रभू मेंढपाळ हाय हे ठाऊक व्हतं मला. मेंढरं घालून एसटी अडवतो, हे न्हवतं ठाऊक."

मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी मला बाजूला पायरीवर बसवलं.

"उशीर झाला म्हणून रडतीस का नोकरी पदरात पडली म्हणून?"

मी ओढणीनं डोळे पुसले.

"बरं, आता खरं सांग. बापाला विचारलंस?"

"नाही."

"काल घरीच व्हतीस की."

"ते काय म्हणतील याची भीती वाटते."

"व्हय ना? देवाला विचारायला भ्या वाटत न्हाय, कारण तो लगेच बोलत न्हाय. बाप लगेच बोलंल." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "ज्या माणसांवर तुझ्या ठरवण्याचं वझं पडणार, त्यांना विचारायच्या आधी आभाळाकडं बघत बसू नये, पोरी. दुपारची गाडी हाय. जा."

मी आल्या पावली परत फिरले. वडील अंगणात ट्रॅक्टरला ग्रीस भरत होते. सकाळी गेलेली मुलगी दुपारी दारात बघून ते दचकले. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, नोकरी, पुणे, मेंढ्या आणि माझी भीती.

त्यांनी हात पुसले. आई दारात येऊन उभी राहिली.

"एम.एस्सी. म्हणजे काय, मला न्हाय कळत," ते म्हणाले. "पण एक कळतं. डेअरीचं सांगताना आत्ता तू पुटपुटलीस. मला दोनदा विचारायला लागलं, काय म्हणलीस म्हणून. आणि ते मातीतले जंतू, डोळ्याला दिसत न्हाईत ते, त्यांचं सांगायला लागलीस की शेजारच्या गोठ्यापर्यंत ऐकू जातं."

आई म्हणाली, "मागं एकदा शेजारची मामी विचारत व्हती, तुमची पोरगी भांडत व्हती का काय."

"पुणं लांब हाय," वडील पुढं म्हणाले. "मला आवडतंय असं न्हाय. पण मी नको म्हणावं, असं काय मला आतून वाटत न्हाय. आता तुझं तू बघ."

आम्ही तिघांनी अंगणातच प्रार्थना केली. पहिल्यांदाच मी खूण मागितली नाही. म्हटलं, प्रभू, मला हे शिकायची इच्छा आहे, ही इच्छा तूच दिली असशील असं वाटतं. चुकत असेन तर वाटेत अडव, आणि अडवलंस ते मला कळू दे. आभाळातून काही ऐकू आलं नाही. पण छातीवरचं ओझं उतरलं, आणि संध्याकाळी मला सपाटून भूक लागली.

सोमवारी मी पुण्याला होकार कळवला. मावशींना सांगितलं तेव्हा त्या फक्त "बरं केलंस" म्हणाल्या आणि त्या आठवड्यात मला दोन नवे ड्रेस शिवून दिले.

निघायच्या दिवशी त्या बारामतीच्या स्टँडवर सोडायला आल्या. शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि वांग्याची भाजी बांधून आणली होती. पुण्याची गाडी लागली. मी खिडकीत बसल्यावर त्या खाली उभ्या राहून म्हणाल्या, "आता सांगते. तू जाऊ नये, असं मला फार वाटत व्हतं."

मी खिडकीतून खाली वाकले. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तू राहिली असतीस. आणि देवानंच सांगितलं असं समजली असतीस. घरात बोलायला माणूस असावं, म्हणून मला तू पायजे व्हतीस. तो माझा स्वार्थ. त्याला देवाचं नाव कशाला लावायचं?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "खा वेळच्या वेळी. आणि वर्गात हजेरी मोठ्यानं दे."

गाडी सुटली. त्या वळून मागं न बघता घराकडे चालू लागल्या, जरा भरभरच.

मला वाटत होतं, देव गप्प आहे म्हणजे त्याचं माझ्याकडे लक्ष नाही. त्या दिवशी खिडकीतून मावशींची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले, आणि मनात आलं, की कधी कधी फार माया असली म्हणूनही कुणी गप्प राहत असेल.