पंचाखालचा स्वर

नवी पेठेत पेटी दुरुस्त करणाऱ्याने माझ्या पेटीचा भाता उघडला. जुन्या कापडाचा कोंदट वास आला आणि या वयातही मला शाळेतला संगीताचा तास आठवला.

नववीत होते. संगीताचे सर पेटीच्या पट्ट्यांवर पंचा टाकून स्वर वाजवायचे आणि आम्ही तो ओळखायचा. ज्याला ओळखता येणार नाही, त्याला गाण्याच्या परीक्षेला बसवणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मला कानाने काही म्हणता काही कळायचं नाही. मी गुपचूप सरांचं कोपर बघायचे. अंगाजवळ असलं की खालचा स्वर, लांब गेलं की वरचा.

त्या दिवशी सर म्हणाले, "भिंतीकडं तोंड कर की, पोरी."

पोपडे धरलेला चुना माझ्या नाकाशी आला. मागे सा वाजला, मग दुसरा एक स्वर. शेवटी पुटपुटले, "पंचम?"

"मध्यम हाय. चुकलीस."

मला रडू फुटलं. सर पुढे जे बोलले ते तेव्हा टोमण्यासारखं लागलं. आता मुलींना गाणं शिकवताना तेच बोलायची मी वाट बघत असते.

"परीक्षेचा फॉर्म भर जा. आज पयल्यांदा कानानं चुकलीस."