दिवेकरांची राउटरखरेदी

बबन दिवेकरांनी उभ्या आयुष्यात कुठलीच वस्तू तीन दुकानं बघितल्याशिवाय घेतली नाही. बायकोसुद्धा त्यांनी तिसऱ्या घरची केली. उर्मिलाबाई हे चारचौघांत सांगायच्या, तेव्हा दिवेकर शांतपणे म्हणायचे, "पहिल्या दोन मुली काही वाईट नव्हत्या. पण पद्धत म्हणजे पद्धत."

ही पद्धत अंधेरीतल्या एका पंपाच्या कारखान्यातली. तिथल्या पर्चेस खात्यात दिवेकरांनी एकतीस वर्षं काढली. साधा वॉशर घ्यायचा तरी तीन कोटेशनं मागवायची, तुलनेचा तक्ता करायचा, तक्त्याखाली शेरा आणि शेऱ्याखाली सही. रिटायर होऊन चार वर्षं झाली. कारखान्याने दिवेकरांना सोडलं, दिवेकरांनी काही कारखाना सोडला नाही. मीरा रोडला सिल्व्हर पार्कात भेंडी घेतानासुद्धा ते तीन गाड्यांवर टोकं मोडून बघायचे आणि पहिल्या गाडीवर परत यायचे. पहिला भाजीवाला आता त्यांना लांबून बघूनच म्हणायचा, "देख के आओ अंकल, मैं इधरीच हूँ."

घर चौथ्या मजल्यावर, दोन बेडरूमचं. माझगावची दहा बाय बाराची खोली विकून घेतलेलं. का, तर निहारचं लग्न झालं की त्याला स्वतःची खोली हवी. एकुलता एक मुलगा. यथावकाश लग्न झालं, नीलम आली, आतली खोली त्या दोघांची झाली. त्या दिवशी दिवेकरांना वाटलं, आपली एवढी एक मोठी ऑर्डर वेळेत पुरी झाली.

आणि जानेवारीतल्या एका रविवारी, जेवता जेवता, निहारने विषय काढला.

"बाबा, आत नेट पोचत नाही. दिवाळीपासून नीलम घरून काम करतेय ना, तिच्या मीटिंगा मधेच तुटतात. तिचा साहेब दोनदा बोलला."

"बरं."

"हाटकेशला एक वन बीएचके बघितलाय आम्ही. भाड्याने. इथून रिक्षाने दहा मिनिटं. दोन आठवड्यांनी, रविवारी, हो की नाही ते कळवायचंय."

उर्मिलाबाईंची आमटीची पळी वाटीवर तशीच थांबली. नीलम ताटातल्या कोशिंबिरीकडे बघत बसली.

"नेटचंच आहे ना?" दिवेकरांनी विचारलं.

"हो. म्हणजे... हो, नेटचंच."

"मग राउटर बदलू. त्यात काय एवढं?"

असं म्हणून त्यांनी भात कालवला. हाटकेश दहा मिनिटांवर आहे हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण दहा मिनिटांवरून येणारा मुलगा बेल वाजवून येतो. रोज संध्याकाळी दारात किल्लीचा आवाज झाला की दिवेकर पेपरातून डोकं न काढता "आलास?" म्हणायचे. ते एवढं बंद होणार होतं, आणि तेवढ्याने त्यांचा जीव अर्धा झाला.

आता त्या घरातला राउटर कुठे होता, ते सांगायला हवं. नेटवाल्यांचा अनिश बसवायला आला तेव्हा म्हणाला होता, "काका, जेवढा उंच ठेवाल तेवढं बरं." दिवेकर सूचना पाळणारे. हॉल आणि आतल्या खोलीच्या मधे जो पॅसेज आहे, त्याच्यावरच्या माळ्यात त्यांनी राउटर ठेवला. माळ्यावर गणपतीची भांडी. दिवेकर मूळचे श्रीवर्धनकडचे, गणपतीला चाळीस पानं उठायची, त्यामुळे तांब्याचा हंडा, पितळेची पातेली, परात, सगळं तिथे. शिवाय धूळ आणि पाली. पाल आत शिरून राउटर जळाल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा दिवेकरांनी राउटरवर मोदकांची जाळी उपडी घातली.

ही जाळी म्हणजे स्टीलच्या बारीक तारेची, घुमटासारखी, वर धरायला मूठ. गणपतीत एकशे एक मोदक तिच्याखाली सहज मावायचे. वाऱ्याला वाट, पालीला मज्जाव, राउटर तापायची भीती नाही. दिवेकरांनी स्टुलावरून खाली उतरून दोन पावलं मागे जाऊन ते काम बघितलं होतं आणि त्यांना फार बरं वाटलं होतं.

सोमवारी त्यांनी चौकशीला सुरुवात केली. एका कोऱ्या वहीत रकाने आखले. दुकान, अँटेना किती, किती भिंतींपलीकडे पोचतो, वजन. वजन कुणी विचारलं नव्हतं, पण पंपाच्या धंद्यात हलका माल म्हणजे खोटा माल, हे दिवेकरांच्या हाडीमाशी खिळलेलं.

पहिलं दुकान खालच्याच जिग्नेशभाईचं. तो म्हणाला, "अंकल, चार अँटेनावाला ले जाओ, पूरा घर कव्हर."

"लिख के दोगे?"

"क्या लिख के?"

"यही, पूरा घर कव्हर."

जिग्नेशभाईने दिवेकरांकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे बघितलं, आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं. दुसरं दुकान भाईंदर पश्चिमेला स्टेशनजवळ. तिथे सहा अँटेनांचा होता, पण लिहून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. दिवेकरांनी रकान्यात 'टाळाटाळ' असा शेरा मारला.

तिसरं कोटेशन घ्यायला ते मुद्दाम हाटकेशला गेले. दुकान पाच मिनिटांत बघून झालं. मग त्यांचे पाय आपोआप त्या बिल्डिंगीकडे वळले. खाली उभं राहून त्यांनी मजले मोजले, रंगाचे पोपडे शोधले, गटाराचा वास येतो का म्हणून दोनदा श्वास ओढला. काहीच सापडेना. शेवटी वॉचमनला विचारलं, "पानी का कैसा है?"

"चौबीस घंटा, साहब."

दिवेकर खट्टू होऊन रिक्षात बसले. पाण्यावर त्यांची फार भिस्त होती.

गुरुवारी त्यांनी जिग्नेशभाईकडून चार अँटेनांचा राउटर आणला. उभ्या अँटेना जाळीखाली मावेनात, म्हणून दिवेकरांनी त्या चारी बाजूंना आडव्या केल्या, जाळी घातली, खाली उतरले. "बघ गं नीलम."

"हॉलमध्ये मस्त येतंय बाबा," नीलम आतून म्हणाली. "इथे... एकच दांडी."

दिवेकरांनी सोमवारी चिठ्ठी घेऊन दुकान गाठलं. लिखापढी केल्याचा हा फायदा. जिग्नेशभाईने मुकाट्याने राउटर परत घेतला आणि फरक घेऊन आठ अँटेनांचा दिला. तो हातात धरला तर उलट्या पडलेल्या खेकड्यासारखा दिसायचा. वजनही चांगलं होतं. "अंकल, इसके ऊपर फिर टॉवर ही आता है," जिग्नेशभाई म्हणाला. दिवेकरांनी त्याच्याही आठही अँटेना आडव्या पाडून जाळीखाली बसवल्या. आत दोन दांड्या आल्या. पंधरा मिनिटांनी त्यातली एक गेली.

बुधवारी अनिशला बोलावलं. आता परका माणूस माळ्यात डोकावणार, तर वर जाळी-बिळी बरी दिसत नाही, म्हणून दिवेकरांनी ती आधीच काढून परातीत ठेवली. अनिश आतल्या खोलीत मोबाइल घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात फिरला.

"काका, फुल आहे. याच्यापेक्षा जास्त काय हवं?"

नीलमनेही बघितलं. खरंच फुल होतं. अनिश चहा पिऊन गेला. दिवेकरांनी जाळी घातली. अर्ध्या तासाने नीलम दारात येऊन म्हणाली, "गेलं, बाबा." तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर दिवेकरांना जरा बरं वाटलं असतं.

"माणसं बघितली की सरळ वागतो मेला," उर्मिलाबाई म्हणाल्या. दिवेकरांनाही दुसरा खुलासा सुचला नाही.

शनिवारी माघी गणेशजयंती आली. दुसऱ्या दिवशी हाटकेशला होकार जायचा होता. उर्मिलाबाईंनी सकाळपासून खपून एकवीस मोदक वळले. पाकळ्या इतक्या बारीक की नजर लागावी. नीलमला सुट्टी नव्हती, ती आत मीटिंगमध्ये होती. निहार आतच पलंगावर पडला होता.

"अहो, मोदकांची जाळी कुठे ठेवलीत? माश्या आल्यात."

दिवेकर स्टुलावर चढले. हात घालून त्यांनी राउटरवरची जाळी उचलली, आणि आतून नीलमचा आवाज आला, "हां सर, आता स्क्रीन नीट दिसतोय. हो, आवाजही क्लिअर आहे."

दिवेकर स्टुलावर तसेच उभे राहिले. जाळीकडे बघितलं. राउटरकडे बघितलं. हळूच जाळी पुन्हा खाली ठेवली.

"हॅलो? सर? हॅलो?"

उचलली. "हां, हां, आलात."

पद्धतीप्रमाणे त्यांनी हे तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तेच. अरे देवा! दोन राउटर बदलले, हाटकेशच्या गटाराचा वास घेऊन आलो, आणि दोष कुणाचा, तर या मोदकांच्या जाळीचा! दिवेकरांना हसू आवरेना. जाळी हातात घेऊन ते स्टुलावरून असे उतरले की जणू तिशीतले. नीलमची मीटिंग संपल्याचं ऐकलं आणि ते थेट आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"सापडला! दोष सापडला. आता बघ, फुल आहे की नाही?"

नीलमने लॅपटॉपकडे बघितलं. "हो बाबा," ती म्हणाली. "फुल आहे."

"आता जाणार नाही. मी लिहून देतो."

निहार उठून बसला होता आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. नीलम हसायचा प्रयत्न करत होती आणि ते तिला जमत नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते. गुणी पोर होती, दोन वर्षांत उलटून बोलली नव्हती. दिवेकरांना कळेना की हे काय चाललंय. मग त्यांना पलंगावर ते कार्ड दिसलं. रंगाच्या कंपनीचं, शेडचं. पिवळ्या रंगाच्या एका चौकोनावर पेनाने खूण केलेली आणि पुढे नीलमच्या अक्षरात 'हाटकेश, किचन'. त्याच्या खाली, फिक्या निळ्यावर, 'हॉल'.

एकतीस वर्षं पर्चेस खात्यात काढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. साहेबाने माल देणारी पार्टी आधीच ठरवलेली असली की कोटेशनं नुसती फायलीला लावायची असतात. बाकीच्यांच्या मालात खोट काढायची असते, कारण नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं. दिवेकरांनी असे कितीतरी तक्ते स्वतः केले होते. नाकारलेल्या पार्टीचा माणूस नमुना घेऊन पुन्हा यायचा, म्हणायचा, साहेब, खोट काढली आता, बघा तरी. त्याच्याकडे बघवायचं नाही. आज जाळी हातात धरून ते स्वतः तिथे उभे होते.

त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि मग त्यांना निहारची मान दिसली, खाली गेलेली. पहिलीत पाटी फोडून घरी आला होता तेव्हा अशीच होती. पोराला आता दुसरं कारण शोधावं लागणार, आणि ते खरं सांगावं लागणार, आणि ते त्याच्या आईला ऐकावं लागणार.

"बघतो जरा पुन्हा," दिवेकर म्हणाले. "या मशीनचा भरवसा नाही."

ते स्टुलावर चढले. जाळी राउटरवर घातली, चारी बाजूंनी नीट बसली का बघितलं, आणि उतरले.

"अहो, जाळी?" स्वयंपाकघरातून हाक आली.

"सापडत नाही. ताट घाल वर."

नैवेद्य झाला, चौघं जेवायला बसली. दिवेकरांनी मोदक फोडला, तूप सोडलं. "नीलम, आत येतंय का गं नेट?"

नीलमने त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "नाही बाबा. गेलं परत."

"मग नाइलाज आहे. अगं उर्मिला, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. मी सगळं करून बघितलं, आठ अँटेना लावल्या. जाऊ देत त्यांना हाटकेशला. रिक्षाने दहा मिनिटं."

उर्मिलाबाईंनी पदराने डोळे पुसले. "जळ्ळं मेलं ते नेट," त्या म्हणाल्या आणि मुलाच्या ताटात आणखी एक मोदक वाढला. निहारने त्या दुपारी सात मोदक खाल्ले. पंधरा दिवसांत तो एवढा जेवला नव्हता.

फेब्रुवारीत टेम्पो आला. आठ अँटेनांचा राउटर दिवेकरांनी खोक्यात घालून, बिल वर चिकटवून, नीलमच्या हातात दिला. "वर काही झाकू नकोस," ते म्हणाले. तिने खोका खाली ठेवला आणि वाकून नमस्कार केला, आणि उठायला तिला जरा वेळच लागला.

घरात आता जुनाच राउटर आहे, बिनजाळीचा, टीव्हीशेजारी. रोज संध्याकाळी, निहारची यायची वेळ झाली की, दिवेकर पेपर बाजूला ठेवून मोबाइल घेऊन आतल्या खोलीत जातात. पलंगाशी, खिडकीशी, टेबलाशी उभे राहून बघतात. सगळीकडे फुल येतं. मग दिवा घालवून बाहेर येतात.