अकरा भिंती आणि एक प्रश्न

फजितीचे किस्से घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे साठतात. एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात. माझे सगळे एकाच खेळाचे आहेत, आणि सगळ्यांत चूक माझीच.

गोवा राज्य झालं त्याच सुमारास बोटीवर काम करणारा मामा मुरगावला उतरला, तो एक खोका घेऊन. आत जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायची. गोष्ट चालवणारा तो गेम मास्टर. खोका माझा, म्हणून मास्टर मी! डिचोलीतल्या आमच्या घरी दर रविवारी दुपारी उल्हास, गीता आणि नारायण जमायचे.

* * *

पहिल्याच दिवशी गुहेच्या तोंडाशी मी राक्षस बसवला. उल्हासने मंत्र टाकून त्याला झोपवलं. माझी महिन्याची मेहनत दोन मिनिटांत पाण्यात!

‘‘राक्षसाला निद्रानाश आहे,’’ मी ठोकून दिलं.

‘‘मागीर म्हजो मंत्र फुकट?’’ उल्हासचा चेहरा पडला. मला मात्र जिंकल्यासारखं वाटलं.

* * *

गीताने मंत्राने ड्रॅगनशी दोस्ती केली. लाटंबार्सें गावात तिच्या घरची काजूची बाग होती. म्हणाली, ‘‘ताका आमच्या लाटंबार्सेंच्या काजींत राखणेक बसय. माकडां येतात!’’

‘‘पुस्तकात तसं नाही.’’

‘‘पुस्तक बरोवप्यान लाटंबार्सें पळयलां?’’

पुस्तक लिहिणाऱ्याने तिचं गाव कुठे पाहिलं होतं? बसवायला हवा होता तो ड्रॅगन. काय बिघडलं असतं?

* * *

मग उल्हासने दगडाचा चिखल करायचा मंत्र काढला. कुलूपबंद दार सोडून तो सरळ भिंतीतून आत!

‘‘मागे दुसरी भिंत आहे,’’ मी म्हणालो.

‘‘तिचे फाटल्यान?’’

‘‘आणखी एक!’’

त्या दुपारी मी अकरा भिंती बांधल्या. शेवटी उल्हास मला गवंडी ठरवून म्हणाला, ‘‘मेस्ता, इतले चिरे खंयसून हाडले रे?’’

* * *

नारायण सर्वण गावचा, अबोल. त्याचे वडील खनिजाचा ट्रक चालवत. अपघातात गेले. त्या सकाळी बापलेकाचं भांडण झालं होतं आणि वडील डबा न घेताच निघाले होते. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं.

नारायणकडे मेलेल्याशी बोलायचा मंत्र होता. प्रश्न एकच विचारायचा. राक्षस मेला होता आणि खजिन्याचा पत्ता त्यालाच ठाऊक होता. उत्तर मी लिहूनच ठेवलं होतं.

नारायणने विचारलं, ‘‘थंय जेवण मेळटा?’’

तिथे जेवण मिळतं का, एवढंच. मी गडबडून पुस्तक चाळलं. फाशावर दहाच्या वर आकडा आला, तरच मेलेला बोलतो. मी फासा टाकला. चार.

फासा पुस्तकाच्या आड होता. माझ्याशिवाय कोणालाच दिसत नव्हता.

‘‘राक्षस बोलत नाही,’’ मी म्हणालो.

‘‘बरें,’’ नारायण म्हणाला. ‘‘आतां कोणाची पाळी?’’