उतारावरची फियाट

दिल्लीच्या मयूर विहारमधल्या त्या सोसायटीत मराठी घरं दोनच, आणि दोन्ही घरांना एकेक म्हातारी गाडी. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या बळवंत देवस्थळींची फियाट, आणि फौजेतले सुभेदार मारुतराव घोरपडे यांची अॅम्बॅसिडर. गेटजवळच्या उतारावर दोघी शेजारी उभ्या असत आणि दर रविवारी त्यांच्यावरून मालकांची जुंपे.

मारुतराव म्हणत, आमचं इंजिन दीड हजार सीसीचं, तुझं जेमतेम अकराशे. सात माणसं कोंबून घाट चढवून दाखव. बळवंत म्हणे, आमची दोन क्विंटलने हलकी, पेट्रोल कमी पिते, बोळात नवरीसारखी वळते. आणि हॅण्डब्रेक? उतारावर इंचभर हलत नाही. हे ऐकलं की मारुतराव मिशीत हसत आणि गप्प बसत. बळवंतला वाटे, जिंकलो.

मग दिल्लीत जुन्या गाड्यांवर संक्रांत आली. गाडी दिल्लीबाहेर न्या, नाहीतर भंगारात द्या. साताऱ्याकडे मारुतरावांच्या गावी शेडमध्ये एकाच गाडीपुरती जागा होती. मारुतरावांना विचारून उपयोग नव्हता. वर्षभरापासून त्यांना माणसंही ओळखू येत नव्हती. त्यांची बायको विजयालक्ष्मी बळवंतकडे आली.

“भावजी, तुम्हीच ठरवा. फियाट पाठवलीत तरी चालेल. यांना आता काय कळतंय?”

बळवंतला त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मोह कुणाला होत नाही? पण गावचे खडबडीत रस्ते, गाडीची उंची, जाडजूड पत्रा, गावच्या घरातली ढीगभर माणसं. कसंही तोललं तरी पारडं अॅम्बॅसिडरकडेच झुकत होतं. आयुष्यभर भांडलेल्या माणसाच्या आजारपणात लबाडी करणं त्याच्याच्यानं झालं नाही.

अॅम्बॅसिडर ट्रकवर चढून गावाला गेली. आठवड्याने भंगारवाले फियाट न्यायला आले. त्यातल्या एकाने मागच्या चाकाखालची वीट लाथेने बाजूला सारली, तशी गाडी उतारावरून आपसूक घरंगळायला लागली. “अंकल, ब्रेक तो है ही नहीं,” तो म्हणाला. बळवंत ओशाळला. वीट पोरांनी क्रिकेट खेळताना टाकली असेल, असं तो समजून चालला होता. त्यांनी ती अडवून ट्रकला बांधली आणि ओढत नेली; वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो गेटपाशी उभा राहिला. करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

संध्याकाळी तो मारुतरावांकडे गेला. ते बाल्कनीत बसून रिकाम्या उताराकडे बघत होते. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते बळवंतने सांगून टाकलं.

“मारुतराव, तुमचीच गाडी भारी. बिल्कुल. मी हरलो.”

मारुतरावांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बळवंतला रडू आलं. ज्याच्यासाठी हरलो तोच जिंकायला जागेवर नव्हता. तो उठून दारापर्यंत पोचला, तेव्हा मागून जुना, फौजी आवाज आला.

“बळवंत, तुझ्या फियाटच्या चाकाखाली आज वीट लावायची राहिली बघ. ब्रेक धरत नाही तिचा. मी रोज लावतो, तुला सांगत नाही. तू चिडतोस.”

बळवंतने दाराची चौकट धरली.

“मी लावली,” तो म्हणाला.

“बरं झालं,” मारुतराव म्हणाले. “नाहीतर जायची कुठंतरी.”