गळ्यातला चांदीचा पट्टा

जेनेलने कालपासून फोन उचललेला नाही. झोपली असेल, कामात असेल, असं मनाला किती समजावलं; पण तिचा परवाचा आवाज कानातून जात नाही.

माझी लेक जुनी तैलचित्रं दुरुस्त करते. वाढली इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये, जमैकाहून आलेल्या माझ्या आईच्या हातचा नारळाच्या दुधातला राजमा-भात खाऊन. गेल्या हिवाळ्यापासून ती एका उमराव घराण्याच्या हवेलीत राहून एकच चित्र साफ करते आहे. अडीचशे वर्षांपूर्वीची त्या घरची मालकीण, गोरीपान, रेशमात बुडालेली. कोपऱ्यात फळांचं तबक धरून एक काळा मुलगा, मान वर करून तिच्याकडे बघणारा. असा मुलगा शेजारी काढला की बाईंचा रंग आणखी उजळ दिसे, आणि घराची ऐपतही. बाईंचं नाव चौकटीवर आहे. त्याचं कुठेच नाही.

मुलाच्या गळ्याशी लेसची झालर होती. ती मागाहून कुणीतरी चढवलेली, हे जेनेलला रंगावरून कळलं. तिने ती हळूहळू काढली. खाली चांदीचा पट्टा निघाला, कुत्र्याला घालतात तसा, वर घराण्याचं चिन्ह कोरलेला.

आताच्या बाईसाहेब बघायला आल्या. "जेनेल, झालर किती गोड दिसायची गं. परत रंगव ना."

"बाईसाहेब, मूळ चित्रात पट्टाच आहे."

"दागिनाच तो. फार लाडका होता तो मुलगा आमच्याकडे."

"मग दागिना झाकायचा कशाला?"

बाईसाहेब हसल्या म्हणे. "शनिवारी पाहुणे येतायत. तू नाही तर दुसरं कुणी रंगवेल. पण तुझ्या हातून झालं तर जास्त बरं दिसेल."

काळ्या हाताने झाकलेलं 'बरं दिसेल', हे तिला फार लागलं. परवा म्हणाली, "आई, रंग कालवून ठेवलाय. ब्रश त्याच्या गळ्यापाशी नेला की माझाच श्वास अडकतो."

"सोडून ये, बाळा."

"सोडलं तर दुसरं कुणी झाकणार. थांबले तर मीच झाकणार. जाऊ कुठे?"

"जेवलीस का?"

"भूक नाही. आणि हवेलीवर फोन करू नकोस हं. हसतील. आधीच फाटकावरचा पहारेकरी पास्को रोज विचारतो, काय गं, तुझा चित्रातला पोरगा बोलला का आज?"

कॉलेजात असताना ती एकदा अशीच गप्प झाली होती. मूठभर झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. शेजारच्या खोलीतल्या मुलीने वेळेवर दार ठोठावलं, म्हणून ती आज आहे. हवेलीत तिची खोली तबेल्याच्या माडीवर, एकटी. तिथे शेजारी कुणी नाही.

रात्री फाटकावर पास्को असतो आणि तिच्या खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडेच. हसू दे त्याला, सकाळी बाईसाहेबांनाही सांगू दे. जेनेल माझ्याशी महिनाभर बोलली नाही तरी चालेल. हवेलीवर फोन लावून त्याला उठवते, तिच्या दाराशी पाठवते, आणि तिचा आवाज ऐकू येईपर्यंत फोन ठेवत नाही.